साडेएकोणीस इंच

आर्व्हिड नीमीने बसवलेलं दार कधी घासत नसे. अमेरिकेच्या थंड उत्तरेतल्या डुलुथमध्ये, आमच्या टेकडीवर निम्म्या घरांची दारं-खिडक्या त्याच्याच हातची. सुतारकाम सोडल्यावरही मोजायची टेप त्याच्या कमरेला असायची, आणि कुणी ‘अंदाजे’ म्हटलं की त्याचं तोंड वाकडं व्हायचं.

घर गरम ठेवणारी तळघरातली भट्टी त्याने नवी घेतली आणि पहिल्याच हिवाळ्यात तिचा फिल्टर बदलायची वेळ आली. भट्टीत हवा शिरते तिथे धूळ अडवायला पुठ्ठ्याच्या चौकटीतला हा फिल्टर असतो. चौकटीवरचे आकडे पुसट झाले होते, म्हणून आर्व्हिडने टेप लावली. रुंदी भरली साडेएकोणीस इंच. दुकानात होते सोळाचे आणि वीसचे.

"वीसचा घे की," त्याची बायको लॉर्ना म्हणाली.

"साडेएकोणीसच्या जागेत वीस? लाथ मारून बसवू?"

त्याने सोळाचा आणला. उरलेल्या जागेत पुठ्ठा कापून घातला आणि वरून चिकटपट्टी लावली. काम इतकं सुबक, की मला शेजारून मुद्दाम बोलावून दाखवलं.

लॉर्नाची शिवणाची खोली वरच्या मजल्यावर होती. चर्चसाठी ती तिथे गोधड्या शिवायची. त्या हिवाळ्यात खोली गारठायला लागली.

"जमिनीतल्या जाळीतून गरम हवाच येत नाही रे."

"जाळीवर कापडं टाकत असशील."

"कापडं कपाटात आहेत. वर येऊन हात लावून बघ ना."

"मोजून बसवलंय मी, लॉर्ना. स्वेटर घाल."

तो वर गेला नाही. पुढच्या हिवाळ्यात तिने मशीन खाली जेवणाच्या टेबलावर आणलं, तेव्हा ताटात टाचण्या येतात म्हणून त्याने कुरकुर केली. मग उबदार ॲरिझोनातल्या तिच्या बहिणीने, इव्हॉनने, थंडीपुरतं बोलावलं आणि ती गेली. वसंतात परतली. त्यानंतरच्या वर्षी मात्र थंडी पडायच्या आधीच निघाली, आणि तिकडूनच फोन केला, की इव्हॉनच्या शेजारी जागा घेतलीय.

"भांडण नाहीये रे," ती म्हणाली. "मला इथे बरं वाटतं."

बहिणीने कान भरले, असं आर्व्हिड आम्हाला सांगायचा.

पुढच्या शरदात दुकानात सोळाचा फिल्टर नव्हता. दुकानदाराने वीसचा हातात दिला. "नाही बसला तर परत आण." तो बसत नाही हे दाखवायलाच आर्व्हिड तळघरात उतरला. फिल्टर न रेटता आत सरकला. कडेला मोठ्या अक्षरांत वीस छापलं होतं, खाली बारीक अक्षरांत ‘प्रत्यक्ष रुंदी साडेएकोणीस’. त्याने भट्टीतल्या, गरम हवा वर ढकलणाऱ्या पंख्याचं झाकण काढलं. पुठ्ठ्याच्या फटीतून गेलेल्या धुळीचा पात्यांवर जाड थर बसला होता. दुपारभर बसून त्याने तो खरवडला, भट्टी लावली आणि शिवणाच्या खोलीत जाऊन जाळीवर हात धरला. ऊन हवा भरभरून येत होती.

दुसऱ्या दिवशी त्याने मला कॉफीला बोलावलं.

"चार इंची फळी साडेतीनच भरते, हे मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगायचो," तो म्हणाला. "नावाचं माप वेगळं, खरं वेगळं. मला माहीत होतं रे." मग कप बाजूला सारला. "पण ते सोड. ती वर बोलवत होती. जिनाच तर चढायचा होता."

माझ्यासमोरच त्याने लॉर्नाला फोन लावला.

"तुझी खोली गरम झालीय. फिल्टर लहान होता. माझीच चूक."

"फिल्टरमधलं मला काय कळतंय, आर्व्हिड? मला थंडी वाजतेय म्हणत होते, ते तुला खरं वाटलं नाही."

"हो," तो म्हणाला. "येतेस परत?"

"उन्हाळ्यात येईन, आठवडाभर. राहायला नाही." मग तिने विचारलं, "जेवतोस ना नीट?"

जूनमध्ये ती आली. भट्टी तेव्हा बंदच होती. दोघं रोज संध्याकाळी सरोवराच्या काठाने फिरायची. जाताना तिने कपाटातली उरलेली कापडं नेली. त्यांची पेटी गाडीपर्यंत आर्व्हिडनेच उचलून दिली.