नाकावरचा पंखा

नवरात्रात आमच्या घरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. कोलू म्हणतो आम्ही तमिळ लोक. सगळ्यात खालच्या पायरीवर, वाणी आणि त्याच्या दुकानाशेजारी, अप्पांचं लाकडी विमान असतं. अप्पा म्हणजे माझे वडील, सैन्यात सुतार होते. आफ्रिकेत इटलीवाल्यांशी लढाई झाली तेव्हा एका सोडून दिलेल्या विमानतळावर त्यांनी हे विमान पाहिलं आणि घरी आल्यावर आठवून कोरलं.

त्याला तीन पंखे. दोन पाखांवर, एक नाकावर. अप्पा सांगायचे, पाखं आतून सगळी लाकडाची, आणि धड म्हणजे लोखंडी नळ्यांवर ताणलेलं कापड. चाकं वर घेता येत नसत, म्हणून त्यांना झाकणं घातलेली. त्यातून बाँब टाकायचे आणि शिपाईही न्यायचे. पण अप्पांच्या लढाईपर्यंत ते जुनं झालं होतं, हळू चालायचं, म्हणून अंधारातच बाहेर काढायचे. "ज्यांच्याकडे विमान नव्हतं त्यांच्यापुढे ते शूर होतं," एवढंच म्हणून अप्पा पुढे रंधा मारू लागायचे.

यंदा मांडणीच्या दिवशी सुनेचा भाऊ आला होता. तो विमानांच्या दुरुस्तीवर नोकरीला आहे. विमान हातात घेऊन बघताना म्हणाला, नाकावरचा पंखा कुणीतरी नंतर जोडलेला दिसतोय. मग मला समजावलं, "मामी, बाँबरच्या नाकात माणूस बसतो. त्याला खालचं दिसायला नको का?" त्याने तो पंखा खुंटीवरून अलगद काढून माझ्या हातात दिला. वाईट हेतू नव्हता. मी तो हळदीकुंकवाच्या डब्यात ठेवला. चौथी शिकलेल्या बाईने त्याला विमान काय शिकवायचं? नातीने प्रत्येक बाहुलीसाठी तमिळमध्ये चिठ्ठी लिहिली होती. विमानापुढे लिहिलं, दोन इंजिनांचं विमान.

कलश मांडला की विजयादशमीपर्यंत पायरीवरचं काही हलवायचं नाही. हा नियम मीच घरात सांगत आले.

रोज बायका यायच्या, सुंडल, म्हणजे उकडलेल्या हरभऱ्याची उसळ, खायच्या, चिठ्ठी मोठ्याने वाचायच्या. मी कुंकू लावताना डबा उघडला की पंखा दिसे. अप्पांनी खोटं कोरलं असं त्या चिठ्ठीत लिहिलेलं नव्हतं, पण मला तेच ऐकू यायचं. माझ्यानंतर खरं सांगणारं कुणी उरणार नव्हतं.

पाचव्या दिवशी सुनेचा भाऊ पुन्हा आला. मी खाली वाकले आणि विमान पायरीवरून उचललं. सून हातातलं ताट तसंच धरून उभी राहिली. "अत्ते, मांडलेलं हलवायचं नाही ना?" सासूला आमच्यात अत्ते म्हणतात.

मी विमान उलटं केलं. पोटाखाली अप्पांनी छोटी खोली कोरली आहे, खाली बघायला तिला खिडकी आहे. सरळ ठेवलं की ती दिसत नाही.

"यात तो माणूस पोटात बसायचा," मी म्हणाले.

त्याने मोबाईलचा दिवा लावून बराच वेळ पाहिलं. खिडकीवरून बोट फिरवलं. मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, नाकात इंजिन आलं, म्हणून माणूस खाली गेला. माझ्याकडे पंखा मागितला आणि खुंटीवर बसवला.

"मामी, त्याच दिवशी का नाही सांगितलं?"

"पाच दिवसांत एक वाक्य, हा अत्तेंचा वेग आहे," सून म्हणाली. "त्या विमानापेक्षा हळू."

मलाही हसू आलं. नातीने दुसरी चिठ्ठी लिहिली, तीन इंजिनांचं विमान, आणि कुणी सांगितलं नव्हतं तरी पोटातल्या माणसाचंही त्यात घातलं.

विजयादशमीला कोलू संपला म्हणून एक बाहुली आडवी निजवतात. दरवर्षी आम्ही लाकडी राणीला निजवतो. नातीने या वेळी विमान उचललं आणि पाठीवर ठेवलं, खिडकी वर. सुनेने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, राहू दे. मधेच उठवलेलं तेच होतं, तर निजवायचंही तेच.