निबियाचे चौरस

माझी नणंद निबिया तोंडाने तिखट, पण हात सोन्यासारखे. सारांदी गावात लोकर विणणाऱ्या आम्ही सहाजणी. अवघड नमुना आला की सगळ्या तिच्याकडे बघतात. हे तिला चांगलं माहीत आहे, तीच तर पंचाईत.

गेल्या मे महिन्यात, आमच्याकडे थंडी सुरू होते तेव्हा, चित्रकार बेंतांकोर मास्तर आमच्या शेडमध्ये आले. वय ब्याऐंशी. आयुष्यभर त्यांनी फक्त चौरस रंगवले: लाल, काळे, मातकट पिवळे. त्यातल्या बारा चित्रांची पांघरुणं त्यांना विणून हवी होती. नमुन्याला एक चित्र त्यांनी आमच्या भिंतीवर टांगलं. हे जमलं तर बाकीची अकरा आमची, नाहीतर सगळी राजधानीला, मोंतेविदेओला, यंत्रावर. आमची अख्ख्या हिवाळ्याची कमाई त्या एका पांघरुणावर होती.

निबियाने नातीची गणिताची वही घेतली, एका चौकटीला एक टाका धरून चित्र उतरवलं आणि महिनाभर कुणाला जवळ फिरकू दिलं नाही. पांघरूण उलगडलं तर प्रत्येक चौरस बसका, विटेसारखा. टाका उंचीला कमी आणि रुंदीला जास्त असतो हे आमच्यातली शेंबडी पोरगीही जाणते. पण स्वेटर आम्ही टेपने मापून विणतो, ओळी कोण मोजतंय! मास्तरांनी येर्बाचा कडू चहा नळीने ओढता ओढता पांघरूण पाहिलं आणि विचारलं, "माझ्या चित्रावर कोण बसलं होतं?"

आम्ही हसू दाबलं. निबिया मात्र पांढरीफटक पडली. तिने महिन्याची मुदत मागून घेतली आणि ते गेल्यावर सगळं पांघरूण उसवलं. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी गरम पुऱ्या तळून तिच्याकडे गेले, तर ही आपली सगळ्या ओळी सुलट विणत बसलेली. ही वीण आम्ही सहा वर्षांच्या मुलींना शिकवतो. निबियाने तिला कायम नाक मुरडलेलं.

"बघतेस काय, वहिनी? यात दोन ओळींची उंची एका टाक्याच्या रुंदीएवढी भरते. एवढं कळायला मला अठ्ठावन्न वर्षं लागली."

मग तिने आम्हा सगळ्यांना बसवलं. एकेक चौरस वेगळा विणायचा आणि शेवटी जोडायचा. जिचा हात सैल पडला तिला तिने उसवायला लावलं. मला तीनदा.

मास्तर आले ते खिशात पोलादी पट्टी घेऊनच. एकेक चौरस मापला. कुठे केसाचाही फरक नाही. मग निबियाने त्यांच्याकडून पट्टी मागून घेतली आणि भिंतीवरच्या चित्राला लावली. लाल चौरसाची एक बाजू अर्धं बोट आखूड निघाली. मास्तरांनी चष्मा पुसून दोनदा मापून पाहिलं आणि मग खोकला येईपर्यंत हसले.

"तुझं बरं आहे, चुकलं की उसवता येतं. मी हा चाळीस वर्षं मिरवला."

निबिया म्हणाली, "मास्तर, मग बाकीची अकरा चित्रांसारखी विणू, की बरोबर विणू?"

"बरोबर विण," मास्तर म्हणाले. "झाली की मला दे. ती बघून चित्रं पुन्हा रंगवतो."