सुषमानं पगार विचारला होता

विसरलात ना? विसरणारच. रविवारी माझ्याकडे जेवण किती वाजता, ते मात्र कधी विसरला नाहीत.

आज सुषमाला जाऊन एक वर्ष झालं.

मी मिलिंदची आई. मला लिहिता-वाचता येत नाही. मी बोलतेय, तो टाइप करतोय. त्याच्याच प्रोफाइलवर. त्याला आवडलेलं नाही. तरी करतोय.

सुषमा त्याच्या लॅबमध्ये रिसर्चर होती. कॉन्ट्रॅक्टवर. मिलिंदही तसाच, आणि हे वाचणारे तुम्ही बरेचसे तसेच.

दर वर्षी कागद नवा झाला तर ईपी, म्हणजे सिंगापुरात नोकरीचा परवाना. ईपी असेल तर घर. घर असेल तर पोरांची शाळा.

बेडोकच्या आमच्या फ्लॅटवर मिलिंद आणि सुषमा धरून तुम्ही नऊ जण जेवायला बसायचात. बोलायचात कशावर? भाडं, इथं कायमचं राहायचं पीआर, पुलाउ उबीन बेटावर सायकलवरून कोण पडलं.

पगाराचा विषय निघाला की सगळ्यांना एकदम तहान लागायची.

का, तर कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलंय, पगार सहकाऱ्यांना सांगायचा नाही.

एका रविवारी सुषमा म्हणाली, "आजी तर सहकारी नाहीत ना?"

मी म्हटलं, "नाही गं बाई. मला कोण ठेवतंय कामावर?"

"मग एकेकानं आत जाऊन आजींच्या कानात सांगायचं. आजी, तुम्ही फक्त चवळी मांडा. शंभर डॉलरला एक दाणा. नाव कुणाचंच सांगायचं नाही."

अक्षरं येत नसली तरी मोजता येतं मला. एकेक जण स्वयंपाकघरात यायचा, कानाशी वाकायचा, चोरासारखा निघून जायचा.

सुषमा सांगून गेली, तिला मात्र मी परत बोलावलं. म्हटलं, "काहीतरी चुकलीस. नीट सांग."

सगळ्यांत जुनी ती. मशीन अडलं की हाक तिला. तुमचे पेपर तपासून द्यायची ती.

"बरोबरच आहे, आजी." एवढंच म्हणाली.

मग मी ताट बाहेर आणलं. नऊ ढिगल्या. काम एकच, आणि एक ढिगली दुसरीच्या दुप्पट.

सुषमानं विचारलं, "आजी, नावं नकोत. लहान ढिगल्या बायकांच्या की पुरुषांच्या?"

"लहान चारही बायकांच्या."

बायका होत्याच चार. चौघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"आणि पुरुषांच्या सारख्या का नाहीत?"

"डिग्री भारतातली असेल तर मधली. गोऱ्यांच्या देशातली असेल तर मोठी."

"सगळ्यात मोठी कुणाची?"

"ते नाही सांगणार. पण ज्याची आहे, त्याला काम तू शिकवलंयस."

एक जण मान खाली घालून भात कालवायला लागला. भात केव्हाच संपला होता त्याच्या ताटातला. नाव अजूनही सांगणार नाही. घाबरू नकोस रे, खा.

पुढच्या रविवारी सुषमानं पत्र लिहून आणलं. सारखं काम, सारखी वर्षं, तर पगार सारखा. खाली सह्यांसाठी नऊ रेघा.

सही झाली एक.

एकाचं पीआर अडकलेलं. एकीला दिवस गेलेले. एकाला एकदम फोन आला, तो बोलत बोलत लिफ्टपर्यंत गेला. तो फोन अजून चालूच असेल.

आणि मिलिंदनं पेन उचललं, तेव्हा त्याचा हात मी धरला.

"तुझ्या तन्वीची शाळा आहे," म्हटलं. मीच म्हटलं.

टाइप कर, मिलिंद. गाळू नकोस.

सुषमा रागावली नाही. पत्राची घडी घातली. म्हणाली, "असू द्या आजी. एक सहीसुद्धा सहीच असते."

तिचा कागद नवा झाला नाही. फंड नाही म्हणाले. महिनाभरात घर आवरून तिला देश सोडावा लागला. विमानतळावर मी आणि मिलिंद. बाकीच्यांना म्हणे मीटिंग होती. रविवारी!

सहा महिन्यांनी तुमचे पगार तिच्या पत्रात होतं तसेच, नोकरीच्या वर्षांप्रमाणे ठरले. लहान ढिगल्या वाढल्या. तुम्ही पार्टी केलीत. मिलिंद माझ्यासाठी चिली क्रॅब घेऊन आला. मी तोंडही लावलं नाही, असं सांगितलं असतं, पण खोटं कशाला? खाल्ला. चांगला होता.

सुषमाचं नाव त्या दिवशी कुणी काढलं नाही. मीही नाही.

ती नागपुरात कॉलेजात शिकवायला लागली. तासिका तत्त्वावर. म्हणजे तिथंही कंत्राटच. फोनवर हसायची. "आजी, इथं पगार लपवत नाही कुणी. सगळ्यांचा सारखाच कमी!" तिथंही पत्र लिहायला घेतलं होतं. मग ताप आला, मग आयसीयू, मग तिच्या भावाचा फोन.

हे सगळं आजच का काढलं?

गेल्या आठवड्यात मिलिंदच्या लॅबमध्ये अमरावतीची एक मुलगी लागलीय. कॉन्ट्रॅक्टवर. चहा पिताना तिनं मिलिंदला विचारलं, "दादा, इथं साधारण पगार किती देतात?"

आणि माझा लेक तिला म्हणाला, "इथं असं विचारत नाहीत."

हे त्यानं घरी येऊन मला सांगितलं. हसत सांगितलं. मी जेवणाचं ताट बाजूला सारलं आणि म्हटलं, कॉम्प्युटर लाव.

सुषमा, तेव्हा मी लेकाचा हात धरला होता. आज त्याच हाताकडून हे लिहून घेतलंय. तू बघायला नाहीस, याचं वाईट वाटतं गं. नीट राहा, जिथं असशील तिथं. तुला आजीचं वंदन.

बाकीच्यांनो, येत्या रविवारी आमच्याकडे सुषमाच्या आठवणीसाठी पुण्यानुमोदन आहे. अमरावतीच्या मुलीला मी बोलावलंय. फुलं, हार, फोटोफ्रेम काही नको.

पाटवडीचा रस्सा पाठवा. वर बोटभर तर्री हवी, सुषमाला फिकं चालायचं नाही. आणि डब्याच्या झाकणावर आपलं नाव आणि आपला पगार, दोन्ही मोठ्या अक्षरांत लिहा. कोरं झाकण आलं तर डबा न उघडता परत पाठवीन.