थांबाबाई दाराबाहेर

प्रसूतिगृहातल्या मोठ्या सिस्टरना सगळे मागून थांबाबाई म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. एकतीस वर्षं बाईंनी नातेवाइकांना हाच शब्द ऐकवला. कुणाची आई यायची, कुणाची आत्या, आणि मागणी ठरलेली. "सिस्टर, कळांचं इंजेक्शन देऊन टाका ना, पटकन सुटेल बिचारी."

"थांबा!" बाई कमरेवर हात ठेवून म्हणायच्या. "बाळ यायच्या आधी हे एकदम टोचलं तर गर्भाशय फाटू शकतं, बाळ गुदमरू शकतं. गरज पडली तर डॉक्टर सलाईनमधून देतील, थेंब मोजून, बाळाचे ठोके ऐकत. बाळ आलं की मात्र मिनिटाच्या आत मांडीत टोचायचं, रक्त आवरायला. औषध तेच हो, वेळ चुकली की जिवावर बेततं."

त्या औषधाच्या फ्रिजवर बाईंचा असा डोळा, की एकदा आत मोठ्या डॉक्टरांचं आइस्क्रीम सापडलं, तेव्हा त्यांनी ते मुकाट्याने डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवलं आणि पार वितळल्यावर सांगितलं.

आणखी एक नियम बाईंचाच. आपलं माणूस खाटेवर असेल, तर त्या सिस्टरने आत पाऊल टाकायचं नाही. मायेच्या माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं म्हणे. नियम छान होता. मग एका मंगळवारी सकाळी बाईंचीच लेक कळा देत दाखल झाली आणि बाईंची रवानगी बाहेरच्या बाकावर झाली.

पहिला तास बाई रुबाबात बसल्या. दुसऱ्या तासाला बाकाशेजारच्या कुंडीतली सगळी वाळकी पानं खुडून झाली. तिसऱ्या तासाला हिरवी. दुपारी आतून लेकीचा आवाज आला, "आई गं!", आणि बाई तीरासारख्या दाराशी.

दार किलकिलं करून धाकटी सिस्टर उभी. बाईंनीच हाताला धरून शिकवलेली पोर.

"काय गं, किती वेळ? एखादं इंजेक्शन देऊन टाक ना."

बाईंच्याच तोंडून हे निघालं!

"बाई, कळा छान येताहेत. बाळाचे ठोके उत्तम आहेत. कशाला द्यायचं?"

"अगं, थोडंसं. अर्धंच दे."

"बाई, बाकावर बसा."

"मला सांगतेस? मी तुला सुई धरायला शिकवलं!"

"म्हणून तर देत नाही," धाकटी म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं. बरं केलं. मी असतो तर कडीही घातली असती.

बाई बाकावर बसल्या आणि लहान मुलीसारख्या रडल्या. राग, लाज आणि भीती, सगळं एकदमच आलं. पाऊण तासाने बाळाचं रडणं ऐकू आलं. बाई मात्र दाराला कान लावून उभ्या. हजारदा पाहिलेलं पुढचं मिनिट त्यांना पाठ होतं. आत धाकटीचा आवाज आला, "पोट तपासलं, दुसरं बाळ नाही. इंजेक्शन दिलं." वार पडली.

शेवटी दार उघडलं. "रक्त आवरलंय, बाई. गर्भाशय घट्ट झालंय."

"नक्की?"

"नक्की."

"परत एकदा बघ ना."

"बघितलं, बाई. दोनदा."

आत लेक घामाने निथळत, छातीशी बाळ घेऊन पडली होती. दमलेली, पण डोळ्यांत नेहमीचा खट्याळपणा.

"आई, बाहेर इंजेक्शन मागत होतीस म्हणे?"

थाप मारायची म्हणून बाईंनी तोंड उघडलं. मग तिच्या कपाळावरचे ओले केस मागे सारले.

"हो, मागितलं. तुझं ओरडणं मला सोसेना. आज माझ्या हातात सुई असती ना बाळा, तर मी दिलं असतं."

लेकीचं हसू थांबलं. तिने बाईंचा हात घट्ट धरला.