लग्न कोण लावणार?

सत्तरच्या दशकात आमच्या आसेगावकडच्या बौद्ध वस्त्यांमध्ये लग्न लावायला लागायचा तो खणखणीत गळा. भटजी आम्ही सोडला होता. बुद्धवंदना तोंडपाठ आणि आवाज मांडवाच्या टोकापर्यंत जाणारा, असा माणूस मिळाला की झालं. तसा एकच होता, शेलूबाजारचा. ताईच्या लग्नाला तो जीपमधून उतरला तोच झुलत.

नवरानवरी पांढऱ्या कपड्यांत बुद्धमूर्तीसमोर उभी. त्यानं पंचशील द्यायला तोंड उघडलं आणि दारूचा भपकारा पहिल्या रांगेपर्यंत आला. ताई मागे सरकली.

"पाचवं शील दारू न पिन्याचं. सोता ढोसून आला, अन् मले काय शील देते? मी नाही घेत."

"पोरी, दोन मिन्टाचं काम आहे," वडील दबक्या आवाजात म्हणाले. "वरात परत जाईन."

वऱ्हाडी खरंच चुळबुळायला लागले होते. ताई ढिम्म हलेना. वंदना येणारं दुसरं कोणी आहे का, वडिलांनी विचारलं. येत अर्ध्या मांडवाला होती. पण पाचव्या शीलाचा विषय निघाल्यावर पुढे कोण येतो? एकेक पुरुष आपल्या चपला न्याहाळू लागला. मला तेव्हाही हसू आलं होतं, आजही येतं.

"आत्या म्हनते ना," ताई म्हणाली.

आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, भाताच्या हंड्याआड बसली होती. विधवा. धर्म बदलला, पण विधवेनं लग्नात पुढे यायचं नाही, ही रीत काही आम्ही सोडली नव्हती. खरं तर वस्तीतल्या पोरांकडून रोज संध्याकाळी वंदना म्हणून घ्यायची ती तीच.

"नाही गं माय, मायी सावली कायले पोरीवर," म्हणत ती आणखी आत सरकली. ताईनं स्वतः जाऊन तिला हाताला धरून आणलं.

आत्याचा गळा मुळीच खणखणीत नव्हता. तरी सगळा मांडव तिच्यामागे म्हणू लागला, तो शेलूबाजारचाही. तिच्या हातून हार घेताना ताई रडली.

पुढे जऊळक्याचं एक लग्न लावायला आत्याला न्यायला खास बैलगाडी आली. गाडीत चढता चढता ती वडिलांना म्हणाली, "भाऊ, इतके वर्स मले हंड्यामांगं कोनं बसवलं होतं रे?"

वडील बैलाच्या मानेवरचं जू तपासत राहिले.