टँकरसाठीचा तीन पानी अर्ज

टँकर मागायला मी तीन पानांचा अर्ज लिहिला आणि त्यात पाणी तिसऱ्या पानावर आणलं.

लातूर जिल्हा वेगळा होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी मूळचा नांदेडचा; लातूरकडच्या एका खेड्यात हायस्कूलवर मराठी शिकवायचो. अर्जलेखन शिकवावं तर मीच, असा माझा लौकिक होता. निदान माझी तशी समजूत होती. त्या साली पावसानं दगा दिला आणि संक्रांतीनंतर गावच्या विहिरीचा तळ उघडा पडला. तळाशी झरा होता, पण घागर बुडेल एवढं पाणी साचत नव्हतं. मग अंगानं हलकं असं कुणीतरी दोरीनं खाली सोडायचं, त्यानं वाटीवाटीनं घागर भरायची, वरच्यांनी ओढायची. आमच्या गल्लीचं ते हलकं माणूस म्हणजे माझ्या नववीतली एक मुलगी. महिनाभर ती शाळेत आली नव्हती आणि वार्षिक परीक्षा तोंडावर होती.

तिची आई शाळेच्या व्हरांड्यात येऊन उभी राहिली. टँकर सुरू झाला तर पोरगी सुटेल, नाहीतर यंदा तिचं नाव काढून टाका, असं तिचं म्हणणं. काय लिहू विचारलं, तर म्हणाली, "लिवा की, हिरीत पाणी न्हाई. पोरगी दोरीनं उतरती. टँकर धाडा."

मला हसू आलं. एवढ्यात कुठं अर्ज होतो? असल्या उघड्याबोडक्या वाक्यांवर मी वर्गात लाल रेघ ओढायचो. दोन दिवस खपून मी लातूरच्या कलेक्टर कचेरीला अर्ज लिहिला. पहिल्या पानावर नव्या जिल्ह्याचं स्वागत, माहूरच्या रेणुकामातेनं त्याला उदंड आयुष्य द्यावं वगैरे. दुसऱ्यावर या भूमीची थोर परंपरा. आणि तिसऱ्याच्या तळाशी, 'अशा मंगलसमयी जलदुर्भिक्षाची कृष्णछाया आमच्या चिमुकल्या ग्रामावरही किंचित रेंगाळत आहे, तरी कृपाकटाक्ष व्हावा.' ते 'किंचित' मी विनय म्हणून घातलं होतं.

पारावर वाचून दाखवलं, तर माणसं माना डोलवत होती. ज्या अर्थी कळत नाही त्या अर्थी भारीच असणार, असं त्यांनाही वाटत होतं आणि मलाही. मुलीच्या आईनं तेवढं विचारलं, "ह्यात पोरगी कुटं हाय, गुर्जी?"

मी म्हणालो, ती अध्याहृत आहे.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. पोस्टमन शाळेत कार्ड घेऊन आला तेव्हा त्याच्यामागे निम्मं गाव होतं. मी घसा साफ करून मोठ्यानं सुरुवात केली, "आपल्या शुभेच्छा पोहोचल्या. त्याबद्दल..." आणि थांबलो. पुढचा शब्द 'आभार' होता.

माणसं पांगली. कुणी शिव्या घातल्या नाहीत. घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मुलीची आई मात्र हलली नाही. तिनं माझ्याकडे एक कोरा कागद मागितला.

मीही तिच्यामागोमाग विहिरीवर गेलो. मुलगी नुकतीच वर आली होती. हातांना दोरीचे वळ, केसांत चिखल. आईनं सांगितलं तशी ती काठावर बसली आणि कागद मांडीवर घेऊन लिहिती झाली:

'आमच्या गावच्या विहिरीत पाणी नाही. मी नववीत आहे. मला दोरीने खाली सोडतात. मी वाटीने घागर भरते. वरून खडे पडतात. परीक्षा जवळ आली. टँकर पाठवा.'

मायना नाही, विषय नाही. पेपरात मी पाचांपैकी दीड दिला असता. वर 'माननीय महोदय' तरी घालू का, असं मी विचारलं. आई म्हणाली, "तुमी पाकिटावर पत्ता घाला. बाकी कायबी करू नका."

तो कागद घेऊन एसटीनं मी स्वतः गेलो. कचेरीतल्या कारकुनानं तो उभ्यानं वाचला, पुन्हा वाचला आणि आत साहेबांकडे नेला. तो बाहेर आल्यावर मी माझ्या आधीच्या अर्जाची चौकशी केली. तो शुभेच्छांच्या फायलीत निघाला. अक्षर सुरेख आहे म्हणाला बिचारा. पाणी कुठं आहे, ते मलाच बोट ठेवून दाखवावं लागलं.

परतीच्या एसटीत खिडकीशी जागा होती, पण बाहेर बघवत नव्हतं. मी मुलांना इतकी वर्षं काय शिकवत होतो? घरात बोलता ते चपलांसारखं बाहेर काढून ठेवा आणि मग वर्गात या. ज्यांना हे जमलं नाही, त्यांना मी कच्चं ठरवत आलो. ही मुलगी मराठीत कायम काठावर पास. ती सात वाक्यं तिला मी शिकवलेली नव्हती, एवढं नक्की. मी शिकवूनही ती तिच्यात शिल्लक राहिली, यातच समाधान मानायचं. तेव्हापासून मुलांना लिहायला बसवण्याआधी मी लिहायची असेल ती गोष्ट शेजारच्याला सांगायला लावतो. सांगता आली तर लिही म्हणतो. मला स्वतःला हे अजून साधलेलं नाही. सात वाक्यांची गोष्ट, आणि बघा किती कागद खर्ची घातला.

पुढच्या आठवड्यात टँकर आला. मी चेहऱ्यावर थोडंसं श्रेय घेऊन पाराजवळ उभा होतो. मुलीची आई घागर रांगेत ठेवून माझ्याकडे आली.

"उद्यापसून साळंत येती ती," म्हणाली. "काय शिकवायचं ते शिकवा, गुर्जी. अर्ज लिवायचं तेवढं नका शिकवू. तिला येतंय, ते जाईल."