मेफ्लाय आणि नाल्याचा मालक

दिग्रसच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते. गावाबाहेर एक नाला आहे, दिवाळीनंतरही बरेच दिवस वाहता असतो. दर रविवारी मी तिथे मेफ्लायची पिल्लं बघायला जायचे. मेफ्लाय म्हणजे नाजूक पंखांची, जेमतेम एखादा दिवस जगणारी माशी. त्याआधीचं तिचं सगळं आयुष्य पाण्यात, दगडाच्या पोटाशी चिकटून जातं. दगड उलटा करायचा, चहाच्या गाळणीने पिल्लू पांढऱ्या ट्रेमध्ये घ्यायचं आणि भिंग लावायचं. बहुतेकांना तीन शेपट्या असतात, पण नुसत्या शेपट्यांवर मी विसंबत नाही. पोटाच्या दोन्ही बाजूंना थरथरणारे कल्ले दिसले, की ओळख पक्की.

नाल्याला लागून कापसाचं वावर होतं. त्याच्या मालकाला मी पहिल्या दिवसापासून खुपत होते.

"सर्वे करून राह्यल्या काय?" त्याने विचारलं.

"नाही. किडे बघते."

"किडे पाहाचा पगार भेटते तुमाले?"

मी त्याच्याकडे पाठ करून दगड उलटत राहिले. तेही त्याला झोंबलं असणार.

सप्टेंबरातल्या एका सकाळी पाणी अचानक दुधाळ झालं. उग्र वास आला. दगडांवरची पिल्लं पकड सोडून वाहू लागली, उताणी, पाय झाडत. मी प्रवाहाच्या वरच्या बाजूला धावले. तो नाल्यात उभा राहून फवारणीचा पंप धूत होता.

"अहो, पंप इथे धुऊ नका! खाली सगळं मरतंय."

"काय मरून राह्यलं?"

मी तळहात पुढे केला. त्यावर चार पिल्लं होती. तो वाकून बघून हसला.

"हे तं कीडच हाय! कीड माराले तं औषध आणलं."

"तुमच्यासारख्या अडाण्याला कोण सांगणार!"

बोलू नये ते बोलून गेले. त्याचं हसू गेलं, आणि 'तुमी'ही गेलं.

"तुले काय करा लागते? वावर माहं, नाला माहा. नीघ इथून!"

खाली येऊन त्याने माझा ट्रे लाथेने उडवला. भिंग पाण्यात गेलं. मी ते शोधत होते तेवढा वेळ तो काठावर कमरेवर हात ठेवून उभा होता.

पुढच्या रविवारी वाटेवर बाभळीच्या काट्या आडव्या टाकलेल्या होत्या. मी पलीकडच्या काठाने गेले. महिनाभर जात राहिले, त्याला दिसेल अशी. तो पंप धुवायचा त्या जागेच्या वर दगडागणिक पिल्लं होती. खाली एकही नाही, नुसत्या घाण पाण्यातही तगणाऱ्या लाल अळ्या.

गेल्या हिवाळ्यात यवतमाळच्या एसटीत तो भेटला. बस भरलेली होती. त्याच्या शेजारची तेवढी जागा रिकामी.

"अजून किडे मोजता काय, मॅडम?" त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"मोजते. तुमच्या वावराच्या वर आहेत. खाली सगळे मेले."

दोन-तीन माणसं वळून त्याच्याकडे बघू लागली. मांडीवरची थैली उचलून त्याने शेजारच्या जागेवर ठेवली. मी जागा मागितली असती तर कदाचित त्याने थैली काढलीही असती. मी मागितली नाही. यवतमाळपर्यंत दांडा धरून त्याच्या डोक्याशीच उभी राहिले.